कॉलेजचा उंबरठा आणि घरचा हिशेब

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही मजकूर वाढविला आहे.)



‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर मी बोलावे असे मला सुचविण्यात आले होते. मी नम्रपणे तो विषय परत केला. शिक्षणाचे महत्त्व आज कोणाला पटवून द्यावे लागते? फळांच्या गाड्यावर उन्हात उभ्या असलेल्या आईला ते पटलेले आहे, आणि सेंट्रिंगच्या कामावरून रात्री आठला घरी येणाऱ्या बापालाही पटलेले आहे. पटलेली गोष्ट पुन्हा पटवून देण्यात आपले अनेक समारंभ खर्ची पडले. म्हणून मी आज महत्त्वाबद्दल बोलणार नाही, हिशेबाबद्दल बोलणार आहे. आपली मुले दहावीनंतर कोठे जातात, कॉलेजपर्यंत कोण पोहोचतो, आणि त्यापायी घराला नेमके काय पडते, एवढाच माझा विषय. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस आहे, गणिताचा नव्हे. तेव्हा आकडे थोडेच आहेत. पण आहेत ते जपून घेतलेले आहेत.

सुरुवात एका घरापासून करतो. तीन-चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. वर्गात पुढे पुढे करणारा नव्हता, पण वही स्वच्छ, अक्षर सरळ, आणि इतिहासाच्या उत्तरात सनावळी कधी चुकली नाही. अकरावीचे वर्ग सुरू झाले आणि हा कोणत्याच कॉलेजात दिसेना. चौकशी केली तेव्हा कळले की तो उद्यमनगरात एका गॅरेजवर लागला आहे. मी एका संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. घरात चहा झाला. मी सवलतींची सगळी माहिती सांगितली. कोणत्या योजनेत किती फी माफ होते, कोठे अर्ज करायचा, कोणते कागद लागतात. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, फी माफ हाय, हे खरं. पन ह्यो आठवड्याला घरात जे आणून देतोय, ते म्या कुठनं आणू?”

मला उत्तर देता आले नाही. बी.एड.च्या अभ्यासक्रमात हा प्रश्न कोठेच नव्हता.

वाचकहो, त्या दिवसापासून मी हा हिशेब वेगळ्या पद्धतीने मांडू लागलो. आपणही कागद-पेन्सिल घेऊन मांडून पाहा. गॅरेजवर नव्याने लागलेल्या पोराला दिवसाला दोनशे रुपये मिळतात असे धरून चालू. महिन्यात पंचवीस दिवस काम, म्हणजे पाच हजार. वर्षाचे झाले साठ हजार. आता दुसऱ्या बाजूला अनुदानित कॉलेजात कला किंवा वाणिज्य शाखेची फी लिहा. ती या आकड्यापुढे किरकोळ दिसते. त्यात केएमटीचा किंवा एसटीचा पास, वह्या-पुस्तके, मोबाईलचा रिचार्ज, एक-दोन बरे कपडे, बुटांचा एक जोड मिळवा. तरीही पारडे साठ हजारांकडेच झुकते. याचा अर्थ असा की आपण ज्याला शिक्षणाचा खर्च म्हणतो, तो बापाच्या दृष्टीने खर्चाचा लहान भाग आहे. मोठा भाग म्हणजे मुलाच्या हातची न आलेली कमाई. ती कोणत्याही पावतीवर छापलेली नसते, म्हणून शासनाच्या आणि आपल्याही हिशेबात धरली जात नाही.

हे काही आपल्याच गल्लीचे रडगाणे नाही. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची सरकारी, स्वस्त, दोन वर्षांची कॉलेजे असतात. गावाजवळ, प्रवेशाला फारशी अट नाही, कामकरी माणसाला सोयीच्या वेळी तास. तेथील हिशेब मांडणाऱ्या संस्थांनी दाखवून दिले आहे की अशा कॉलेजात शिकणाऱ्याच्या वर्षाच्या एकूण खर्चात फीचा वाटा साधारण पाचवा हिस्सा असतो. बाकीचे चार हिस्से राहणे, खाणे, प्रवास, पुस्तके यांचे. टेनेसी नावाच्या राज्याने २०१४ साली कायदा करून या कॉलेजांची फी सरकारी खर्चातून भागविण्याची सोय केली. चांगलेच केले. पण उरलेले चार हिस्से विद्यार्थ्याच्याच डोक्यावर राहिले. तेथेही निम्म्याहून अधिक विद्यार्थी अर्धवेळ शिकतात आणि उरलेल्या वेळी कोठेतरी काम करतात. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास याच नावाची योजना आणली. नाव आले. पण ज्या घराला ती योजना हवी होती, त्या घरी ते नाव अद्याप कोणी उच्चारलेले मी ऐकले नाही.

या अमेरिकन कॉलेजांतील पहिले मानले जाणारे कॉलेज इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी १९०१ साली निघाले. सुरुवातीला विद्यार्थी होते सहा. १९०१ हे साल कोल्हापूरकराच्या ओळखीचे असायला हवे. त्याच साली येथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. एका ठिकाणी गरिबाच्या मुलासाठी कॉलेज जवळ आणले गेले, आणि दुसऱ्या ठिकाणी गरिबाच्या मुलाला कॉलेजजवळ आणून ठेवले गेले.

इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे येथे मला थोडे थांबू द्या. राजाराम कॉलेज १८८० सालापासूनचे. गोपाळ कृष्ण गोखले तेथे काही काळ शिकले, पुढे यशवंतराव चव्हाण तेथून पदवीधर झाले. सरकारी कॉलेज, दार सर्वांना उघडे. तरीही शाहू महाराज गादीवर आले तेव्हा त्या दारातून आत जाणारे विद्यार्थी जवळजवळ एकाच वर्गातले होते. महाराजांनी १८९६ साली कॉलेजला जोडून सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढून पाहिले. थोड्याच वर्षांत तेही एकाच जातीचे होऊन बसले. तेथे कोणाला मज्जाव होता असे नाही. पण खेड्यातल्या कुणब्याच्या, साळ्याच्या, मुसलमानाच्या मुलाला त्या घरात आपले कोणी नव्हते, आणि त्याच्या बापाला तेथवर पोचवण्याची ऐपतही नव्हती. हा अनुभव घेतल्यावर महाराजांनी पद्धत बदलली. १९०१ ला मराठा आणि जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, त्यामागोमाग लिंगायत, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकातून जाताना आपण या इमारतींकडे आता मान वर करूनही पाहत नाही.

आपल्या बोर्डिंगची हकीकत तर विशेष आहे. समाजातून कोणी पुढे येईना, तेव्हा महाराजांनी काही मुसलमान मुलांना आधी मराठा बोर्डिंगमध्येच ठेवून घेतले. मग शहरातल्या मुस्लिम पुढाऱ्यांना एकत्र बोलावले, मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी करविली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. एका संस्थानाचा राजा आमच्या मुलांच्या जेवणाखाण्याच्या कमिटीचा अध्यक्ष होता, ही गोष्ट आपण स्मरणिकेच्या पहिल्या पानावर दरवर्षी छापतो. छापावीच. पण त्यांनी ते का केले, याचा विचार पान उलटल्यावर करीत नाही.

१९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. प्राथमिक शाळा गावातच, मूल लहान, त्याची कमाई नगण्य. तेथे दंडाचा धाक पुरेसा ठरला असेल. वरच्या शिक्षणासाठी मात्र त्यांनी दंड लावला नाही. तेथे भाकरी आणि छप्पर दिले. कारण त्यांनी ओळखले होते की मोठ्या मुलाला घरून सोडायचे तर आधी त्याचे खाणे घरावरून उतरले पाहिजे. जैन बोर्डिंगमध्ये राहून गेलेल्या एका विद्यार्थ्याने, भाऊराव पाटलांनी, हीच गोष्ट पुढे १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत राबविली. श्रम करून शिकण्याची त्यांची पद्धत आपल्या शिवाजी विद्यापीठानेही उचलली. ‘कमवा आणि शिका’ योजनेतील मुले आजही विद्यापीठाच्या आवारात राहून काम करतात आणि शिकतात. हा सगळा वारसा याच गावचा आहे. बाहेरून काही आणायचे नाही.

आता आकड्यांकडे येतो. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती, आणि त्यात मुसलमान शंभरात सातच्या थोडे वर. म्हणजे आपण येथे मूठभर आहोत. पण मूठभर असल्याचा एक फायदा असतो: एकेका घराची नोंद ठेवणे शक्य असते. साक्षरतेचे म्हणाल तर एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, आणि एकंदर राज्याची ७६.९. म्हणजे लिहितावाचता येण्यात आपण मागे नव्हतो, किंचित पुढेच होतो. गळती लागली ती पुढच्या पायरीवर. सच्चर समितीने २००६ साली देशभराचे चित्र मांडले, त्यातही हेच दिसले. प्राथमिक शाळेच्या वर जसजसे जावे, तसतशी आपली मुले विरळ होत जातात.

केंद्र सरकार दरवर्षी उच्च शिक्षणाची पाहणी करते. २०१९-२० साली देशातील कॉलेजांत सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी होते. पुढच्या वर्षी, २०२०-२१ ला, ते १९ लाख २१ हजारांवर आले. देशातील एकूण विद्यार्थी त्या वर्षी वाढले होते, हे ध्यानात घ्या. करोनाच्या त्या वर्षी ज्या घरांत रोजच्या कमाईवर चूल पेटते, तेथून पोरे कामावर गेली. २०२१-२२ ला आकडा पुन्हा २१ लाखांपर्यंत आला. पण एकूण ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांत तो पाच टक्क्यांच्या आतच भरतो, आणि लोकसंख्येत आपला वाटा चौदा टक्क्यांचा आहे.

या आकड्यांत एक आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या २१ लाखांत निम्म्या मुली आहेत. मुलींना शिकू देत नाहीत, असा आपल्यावर वर्षानुवर्षे शिक्का आहे, आणि पूर्वी त्यात तथ्यही होते. आज माझ्या वर्गात उलटे चित्र आहे. मुलींची हजेरी नियमित, गृहपाठ पूर्ण, आणि दहावीनंतर फॉर्म भरायला त्या स्वतः रांगेत उभ्या. मुलगे वर्गात असतात तेही आठवी-नववीपर्यंत मनापासून. दहावीला त्यांचे लक्ष बापाच्या किंवा मामाच्या धंद्याकडे लागलेले असते. गेल्या वर्षी एक आई मला म्हणाली, “सर, माझी पोरगी बी.कॉम. झाली. आता तिला सांगून येणारी स्थळं समदी दहावीची. मी काय करू?” हा प्रश्न विचारताना ती हसत होती, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलींना पुढे जाऊ दिले याचा अभिमान बाळगताना मुलगे कोठे राहिले हे आपण पाहिलेच नाही.

मुलींसाठी शासनाने जुलै २०२४ मध्ये मोठा निर्णय घेतला. इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ. नर्सिंग, फार्मसी, अभियांत्रिकी यांची फी ऐकून ज्या घरांनी आशा सोडली होती, त्यांच्यासाठी हा निर्णय फार मोलाचा आहे. परंतु ‘इतर मागासवर्ग’ हे शब्द ज्या कागदावर उमटावे लागतात, तो कागद मिळविणे हे निराळेच प्रकरण आहे. त्याबद्दल मला सविस्तर बोलायचे आहे, कारण येथे माझ्या डोळ्यांदेखत मुले अडकली आहेत.

बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, मणियार अशा आपल्या अनेक बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागासवर्गात येतात. दाखला मिळविण्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. साधारणपणे तो पुरावा म्हणजे वडिलांचा, आजोबांचा किंवा घराण्यातल्या कोणाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला. आता आपल्या घरांत काय होते पाहा. आजोबा शाळेत गेले नाहीत, म्हणून त्यांचा दाखलाच नाही. किंवा गेले, पण जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसते ‘मुसलमान’ लिहिले. त्या काळी कोणाला वाटले होते की पुढे नातीच्या फीसाठी त्या रकान्यात आणखी एक शब्द लागणार आहे? म्हणजे ज्याच्या घरात आधी कोणी शिकले, त्याला शिकण्याची सवलत लवकर मिळते. आणि ज्याच्या घरात कोणीच शिकले नाही, तो पुरावा शोधत हिंडतो. नियम करणाऱ्यांचा हेतू असा नसेल. परिणाम असा होतो खरा.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत हेच घडले. घरात १९६७ पूर्वीचा एकही कागद नव्हता. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठविले, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. अर्जाची मुदत संपत आली. आईने भिशीचे पैसे उचलून खुल्या वर्गातून फी भरली. पुढे मुलीच्या चुलत आजोबांचे नाव कागल तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत निघण्याची शक्यता आहे असे कळले. आम्ही दोघे-तिघे तेथे गेलो. मुख्याध्यापकांनी जुनी जनरल रजिस्टरे काढून दिली, कपाटात वाळवी लागलेली होती, आणि दुपारभर पाने उलटल्यावर एका ओळीत त्यांचे नाव आणि पुढे ‘मु. बागवान’ असे सापडले. ‘मु.’ आणि एक शब्द! त्या एका ओळीसाठी आम्ही त्या शाळेत पेढे वाटले. तोपर्यंत सप्टेंबर उजाडला होता. दाखला पुढच्या वर्षी कामास आला. त्या वर्षीची भिशी गेली ती गेली.

कागदांचे हे काम जून महिन्यात सुरू केले तर हमखास फसते. दाखला, मग नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँकेचे खाते, मग महाडीबीटीवर अर्ज. एकाला दुसरे लागते. नावातील एका अक्षराचा फरक पडला तरी अर्ज परत येतो. ‘शेख’ एका कागदावर, ‘शेक’ दुसऱ्या कागदावर, आणि तिसऱ्यावर आडनावच नाही, नुसते वडिलांचे नाव. आपल्याकडे हे घरोघरी आहे. पूर्वी पहिलीपासून अल्पसंख्याक शिष्यवृत्ती होती, तेव्हा निदान खाते आणि उत्पन्नाचा दाखला तयार असे. आठवीपर्यंतची ती शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली, तेव्हापासून ही सवयही सुटली. २०१४ साली राज्य शासनाने मुस्लिमांतील मागासांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला होता. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो राहू दिला, पण त्याचा कायदा झाला नाही आणि मुदत संपून तो गेला. त्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. जे आज हातात आहे, त्याचे कागद आधी पुरे करू या, एवढेच माझे म्हणणे.

कागदांपेक्षाही मोठा धोका मला सुट्टीचा वाटतो. आपण समजतो की मुलगा नापास झाला म्हणून शिक्षण सोडतो. माझा अनुभव वेगळा आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. निकाल मेमध्ये. प्रवेशाच्या फेऱ्या होत होत अकरावीचे वर्ग भरायला जुलै उजाडतो, कधी ऑगस्ट. हे चार-पाच महिने सोळा वर्षांचे पोर घरात बसून काय करणार? बाप म्हणतो, सुट्टीत चार पैसे मिळव. यात वाईट काहीच नाही. मीही सुट्टीत टेलरच्या दुकानात काजे-बटणे केली आहेत. पण पहिला पगार हातात येतो, मोबाईलचा हप्ता सुरू होतो, घरातला एखादा खर्च त्या पगारावर बसतो, आणि ऑगस्टमध्ये कॉलेजची घंटा होते तेव्हा तो पगार घराला सोडवत नाही. मी ज्या मुलाची गोष्ट सांगितली, तो असाच गेला. मार्चमध्ये गॅरेजवर गेला, तो ‘तात्पुरता’ म्हणून. मी त्याच्या घरी गेलो जुलैच्या अखेरीस. फार उशीर केला मी.

तेव्हा करायचे काय? काम सोड आणि कॉलेजात ये, हा सल्ला मी आता देत नाही. कामासकट शिकता येईल अशा वाटा आहेत, त्या दाखवतो. कळंब्याला सरकारी आयटीआय आहे. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मोटार मेकॅनिक, फी नाममात्र. गॅरेजवर आपला मुलगा हेच शिकतो, पण पाच वर्षांनी त्याच्या हातात कौशल्य असते आणि कागद नसतो. आयटीआय झालेल्याला १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर घेतात. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. म्हणजे आयटीआय ही बंद गल्ली नव्हे, हे पालकांना ठाऊकच नसते. आपल्या समाजात ‘आयटीआय म्हणजे हुशार नसलेल्यांसाठी’ असा एक गैरसमज आहे, आणि तो पसरविण्यात आम्हा शिक्षकांचाही हात आहे, हे मी कबूल करतो. ज्याला पदवीच हवी, त्याच्यासाठी नोकरी करत शिकता येईल असे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, आणि शिवाजी विद्यापीठाचे दूरशिक्षणही आहे. नियमित कॉलेजची सर त्याला नाही, वर्गमित्र नाहीत, ग्रंथालयात बसणे नाही. पण काहीच नाही त्यापेक्षा पुष्कळ आहे.

आता संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची क्षमा मागून एक सूचना करतो. दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो. ढाल, शाल, रोख पाकीट, फोटो. त्यासाठी स्मरणिकेच्या जाहिराती गोळा करायला आम्हीच दुकानोदुकानी फिरतो. पण ज्यांना पाकीट मिळते त्या बहुतेकांच्या घरी आधीच कॉलेजचे ठरलेले असते. पाकीट मिळाले नसते तरी ते गेलेच असते. साठ-पासष्ट टक्केवाला, ज्याचे पाऊल उंबरठ्यावर अडलेले आहे, तो त्या समारंभात पाठीमागे खुर्च्या मांडत असतो. गुणवंतांना प्रमाणपत्र द्या, मनापासून टाळ्या वाजवा. रोख रक्कम मात्र एप्रिल ते ऑगस्ट या महिन्यांसाठी राखून ठेवा. त्यातून पास काढून द्या, पुस्तके द्या, दाखल्यांसाठी गावोगाव फिरण्याचे एसटीचे भाडे द्या. आणि ज्या घराला पोराचा पगार सोडवत नाही, त्या घरच्या मुलाला संध्याकाळचे तीन तासांचे काम आपल्यापैकीच एखाद्या दुकानदाराने द्यावे, कॉलेजच्या वेळा सांभाळून. समाजात दुकाने आहेत, कारखाने आहेत, हॉटेले आहेत. हे दान नव्हे. कामाचा मोबदला आहे, आणि घेणाऱ्याची मानही ताठ राहील.

एक नोंदवहीही ठेवावी असे मला वाटते. दहावीला बसलेल्या आपल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, आणि पुढे दर वर्षी एक रकाना: कोठे आहे? अकरावी, आयटीआय, पदविका, काम, लग्न, घरी. आज आपल्यापैकी कोणालाही विचारा, पाच वर्षांपूर्वीच्या दहावीच्या वर्गातले किती पदवीधर झाले? सांगता येणार नाही. मलाही येणार नाही, आणि मी तर त्यांचा वर्गशिक्षक होतो.

तो मुलगा त्या वर्षी कॉलेजला गेला नाही. पुढच्या वर्षीही गेला नाही. आता तो गॅरेजवर चांगला कारागीर झाला आहे. माझी स्कूटर तोच दुरुस्त करतो. पैसे घ्यायला तयार नसतो, मी बळेच देतो. मागच्या महिन्यात प्लग साफ करता करता तो म्हणाला, “सर, धाकटा यंदा दहावीला हाय. त्याला बघा.” मी त्याच रविवारी घरी गेलो. आजोबांचा दाखला नाही. पण आजोबांचे थोरले भाऊ गडहिंग्लजकडे एका शाळेत दोन वर्षे होते असे आजी सांगतात. वडिलांनी शाळेचे नाव लिहून दिले आहे. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघे तेथे जाणार आहोत. ज्या पालकांना आपल्या घरचे असे काम करून घ्यायचे असेल, त्यांनी एप्रिलमधील कोणत्याही रविवारी सकाळी दहा ते एक या वेळेत शाळेत यावे. मी आणि माझे दोन सहकारी तेथे असू. येताना घरातील सर्वांत जुना कागद, मग तो कसलाही असो, सोबत आणावा.